सेटिंगवाले भाऊ

जालना जिल्ह्याच्या लोकजीवनावर लिहिताना बियाण्यांचा व्यापार, लोखंडाच्या रोलिंग मिल, मोसंबीच्या बागा आणि राजूरच्या गणपतीची चतुर्थी यांचा उल्लेख करण्याची पद्धत पडून गेली आहे आणि ती योग्यही आहे; परंतु या चारही ठिकाणी ज्याच्यावाचून काम अडते, त्या माणसाचे नाव अशा लेखनात सहसा येत नाही. विद्युतघटांची, म्हणजे व्यवहारात ज्यांना सरसकट बॅटऱ्या म्हणतात त्यांची, प्रकृती तपासणारा, त्यांच्या तापमानावर नियंत्रण बसवणारा आणि बहुतेक वेळा बसवलेले नियंत्रण काढून टाकणारा हा माणूस जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आढळतो, आणि लोक त्याला ‘सेटिंगवाले भाऊ’ म्हणतात. भाऊंचे वय तिशीपासून साठीपर्यंत काहीही असू शकते. वडीलधाऱ्यांनीही त्यांना भाऊच म्हणायचे असा संकेत आहे, कारण ज्याच्या ताब्यात आपला फवारा अडकला आहे त्याला एकेरी हाक मारण्याचे धाडस खरिपात तरी कोणी करत नाही.

भाऊंचे दुकान बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर, रसवंती आणि झेरॉक्सचे दुकान यांच्या मधल्या अरुंद जागेत असते. वर पत्रा, समोर लाकडी काउंटर, काउंटरवर सोल्डरिंग गनच्या जळक्या खुणा, आणि पाटीवर मोबाइल, इन्व्हर्टर, चार्जिंगचा फवारा, झटका मशीन, इ-बाईक अशी यादी असून यादीच्या शेवटी ‘इत्यादी’ हा शब्द इतर सर्व अक्षरांपेक्षा मोठा रंगवलेला असतो, कारण भाऊंचे निम्मे उत्पन्न इत्यादीतून येते. दुकानात बसण्यासाठी एक बाक असतो. त्याच्यावर गिऱ्हाईक क्वचित आणि सल्लागार नेहमी बसलेले असतात.

भाऊंची विद्या कोणत्याही एका संस्थेने दिलेली नसते. त्यांच्यापैकी काहींनी आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला असतो, काहींनी अर्ध्यावर सोडलेला असतो, आणि जे अर्ध्यावर सोडतात त्यांची ख्याती अधिक असते असे निरीक्षण आहे. ट्रान्झिस्टरच्या काळात या घराण्यातील पुरुष रेडिओची सुई जागेवर आणत, दूरचित्रवाणी आली तेव्हा गच्चीवर चढून अँटेना फिरवत खाली ‘आलं का?’ असे विचारत, पुढे त्यांनी टेपरेकॉर्डरचा पट्टा बदलला, डिशची दिशा साधली, मोबाइलचे सॉफ्टवेअर मारले, आणि आता प्रत्येक वस्तूच्या पोटात बॅटरी शिरल्यामुळे ते बॅटरीपर्यंत येऊन पोहोचले आहेत.

हा वर्ग याच जिल्ह्यात एवढा का फोफावला, याची कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. शेतीपंपाला कधी दिवसा तर कधी रात्री पाळीने वीज मिळणार, रात्रीच्या पाळीला बांधावर जायचे म्हणजे हातात दिवा हवा, कपाशीवर आणि सोयाबीनवर फवारणी करायची म्हणजे पाठीवर सोळा लिटरचा चार्जिंगचा पंप हवा, रानडुकरे आणि रोही यांना रोखायचे म्हणजे कुंपणाला झटका मशीन हवे, आणि या सगळ्या वस्तूंची कंपनीची दुरुस्ती-केंद्रे मात्र जालन्याला किंवा त्याहून पुढे छत्रपती संभाजीनगरला असणार. मंठ्याच्या पुढच्या एखाद्या खेड्यातील शेतकऱ्याने बोंडअळी पडलेल्या आठवड्यात पंप घेऊन तिकडे जावे, तेथे ‘आठ दिवसांनी या’ असे ऐकावे आणि परत यावे, ही अपेक्षाच अव्यवहार्य आहे. भाऊ तोच पंप चहा संपेपर्यंत चालू करून देतात. त्यांचे वर्षही पिकांप्रमाणेच चालते: आषाढ-श्रावणात फवारे, दिवाळीच्या पुढेमागे मोबाइल आणि दिव्यांच्या माळा, रब्बीत मोटारींचे ऑटो-स्विच आणि झटका मशीन, लग्नसराईत ब्लूटूथचे कर्णे, आणि चैत्रापासून इन्व्हर्टर.

भाऊंच्या ज्ञानाचा गाभा म्हणजे लिथियम-आयन सेल होय. बोटाएवढ्या जाडीचा हा दंडगोल १८६५० या नावाने ओळखला जातो, आणि या आकड्यात गूढ काहीही नसून १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी आणि गोल आकार दाखवणारे शेवटचे शून्य एवढाच त्याचा अर्थ आहे. लिथियम-आयन सेल १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणले, आणि त्यामागील शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिकाची बातमी भाऊंपर्यंत पोहोचली होती; तिघांपैकी एकालाही टाका मारता येत असेल काय, एवढीच शंका त्यांनी बाकावर व्यक्त केली. अशा सेलचा दाब सरासरी ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो, पूर्ण भरल्यावर तो ४.२ पर्यंत जातो, आणि अडीच-तीनच्या खाली उतरू दिला तर सेलच्या आतल्या रसायनाला कायमची इजा होते. हे चार आकडे भाऊंना पाढ्यांइतके पाठ असतात, आणि मीटरची टोके सेलला लावल्यावर आकडा उमटण्याआधीच तो सांगण्याची त्यांना सवय असते. सेलच्या दुकानी किमतीविषयी आणि खऱ्या वयाविषयीही त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही.

सेलच्या वेष्टनावर छापलेल्या आकड्यांबाबत मात्र भाऊ पक्के नास्तिक असतात. सेलमध्ये किती वीज साठते ते मिलिअँपिअर-तास या मापाने सांगतात. या आकाराच्या उत्तम सेलची धाव साधारण साडेतीन हजारांपर्यंत जाते, तर बाजारातील लाल-निळ्या वेष्टनांवर बिनदिक्कत ९९०० छापलेले असते. कागदावरचा आकडा आणि वस्तुस्थिती यांच्यातील या अंतराचे जिल्ह्याला नवल वाटत नाही, कारण सरकारी पंचनाम्याशी त्याचा जुना परिचय आहे. भाऊ सेलची परीक्षा वजनावर करतात: अस्सल सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि खोटा सेल हलका लागतो, कारण मोठ्या नळीत छोटा सेल बसवून उरलेली जागा भुकटीने भरण्याची कला कुठेतरी विकसित झालेली आहे. या परीक्षेसाठी ते शेजारच्या सराफाचा काटा वापरतात, आणि सोन्याच्या काट्यावर सेल तोलला जाताना पाहिलेले गिऱ्हाईक पुढे भावाविषयी फारशी घासाघीस करत नाही.

तापमान मोजण्याची त्यांची पद्धत स्वतंत्रपणे नोंदवण्यासारखी आहे. जुन्या पिढीतील भाऊ बॅटरी गालाला लावून पाहत. नव्या पिढीने करोनाच्या साथीत ग्रामपंचायतीने खरेदी केलेली, कपाळासमोर धरण्याची तापमापक बंदूक निवृत्तीनंतर आपल्याकडे वळवून घेतली आहे. ही बंदूक माणसाच्या तापासाठी बनवलेली असल्यामुळे तिची मजल साधारण बत्तीस ते बेचाळीस अंशांपर्यंतच असते, आणि त्यापलीकडे ती आकडा न देता केवळ कर्कश आवाज करते. परिणामी भाऊंच्या शास्त्रात बॅटरीच्या तीनच अवस्था संभवतात: बरी, कणकण असलेली, आणि ओरडणारी. पत्र्याखालच्या दुकानात वैशाखातील दुपारी प्रत्येक बॅटरी ओरडते, काउंटरचे लाकूडही ओरडते, आणि त्यामुळे फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात बंदुकीचा शब्द प्रमाण मानू नये असा नियम भाऊंनी स्वतःच घालून घेतला आहे.

परंतु भाऊंची खरी कीर्ती ज्या कामावर उभी आहे त्याचे स्वरूप समजण्यासाठी एका छोट्या पट्टीची ओळख करून घेणे आवश्यक आहे. अनेक सेल जोडून जी मोठी बॅटरी तयार होते तिच्या पोटात एक हिरवी पट्टी असते. तिला बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम किंवा थोडक्यात बीएमएस म्हणतात. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणे, कोणताही सेल ४.२ च्या वर चढू लागला तर भरणे थांबवणे, फार खाली उतरला तर वापर थांबवणे, प्रमाणाबाहेर प्रवाह ओढला गेला किंवा तारा एकमेकींना चिकटल्या तर सर्व काही तोडणे, आणि तापमान वाढले तर काहीही न ऐकता बंद पडणे, ही तिची कामे होत. लिथियम-आयन सेल शून्याखाली आणि पंचेचाळीस अंशांच्या वर भरू नयेत असे उत्पादक सांगतात. सेल आतून तापत जाऊन एकशेतीस अंशांच्या आसपास पोहोचला, तर दोन ध्रुवांना वेगळे ठेवणारा प्लॅस्टिकचा पातळ पडदा वितळू लागतो, आतल्या आत वीज भिडते, त्या उष्णतेने आणखी उष्णता निर्माण होते, आणि ही साखळी बाहेरून आवरता येत नाही. शास्त्रात तिला थर्मल रनअवे म्हणतात आणि बाकावर ‘बॅटरी पेटली’ एवढेच म्हणतात. थोडक्यात, पट्टीचे संपूर्ण कर्तव्य योग्य वेळी नाही म्हणणे हे आहे.

आणि गिऱ्हाइकाची संपूर्ण तक्रारही नेमकी तीच आहे. ‘भाऊ, मधीच बंद पडतंय’ या एका वाक्याने भाऊंच्या दुकानातील निम्मे व्यवहार सुरू होतात. चढावर दोन पोती आणि मागे मेव्हणा बसवला की इ-स्कूटर बंद पडते; दुपारी पत्र्याच्या खोलीत लावलेले चार्जिंग सुरूच होत नाही; फवारा अर्ध्या एकरात थांबतो. बॅटरी आजारी नाही, तिच्यावर घातलेला भार आणि भोवतालची उष्णता यांना ती नकार देत आहे, हे भाऊंना पहिल्याच मिनिटाला कळलेले असते. परंतु नकार समजावून सांगण्याचे पैसे मिळत नाहीत आणि नकार काढून टाकण्याचे मिळतात. ‘अशी करून द्या की बंदच नाही पडली पाह्यजे,’ असे गिऱ्हाईक म्हणते, भाऊ पट्टीला वळसा घालणारी एक जाड तार जोडतात, आणि ‘आता बिनधास्त वापरा’ हा मंत्र उच्चारून बॅटरी परत करतात. ज्या वस्तूची भीती बाळगायला हवी ती वस्तू बिनधास्त होते, आणि भाऊंचे नाव आणखी दोन गावांत पोहोचते.

या कामातील त्यांची सर्वांत सूक्ष्म कामगिरी तापमानाच्या संदर्भातील आहे. पट्टीला दोन बारीक तारांनी एक काळा थेंब जोडलेला असतो. तो थर्मिस्टर होय, म्हणजे तापमानानुसार ज्याचा विद्युतरोध बदलतो असा घटक. नेहमीच्या वापरातील थर्मिस्टरचा रोध पंचवीस अंशांना दहा हजार ओहम असतो, तापमान वाढले की तो कमी होतो आणि थंडी वाढली की वाढतो. पट्टी या रोधावरून बॅटरीचा ताप ओळखते. पहिल्या काळात भाऊंनी या तारा सरळ कापून टाकल्या, आणि तेव्हा त्यांच्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहिला: तार तुटली म्हणजे रोध अमर्याद झाला, रोध अमर्याद झाला म्हणजे पट्टीच्या हिशेबी भयंकर थंडी पडली, आणि त्यामुळे परतूरमध्ये ऐन मे महिन्यात बॅटरी हिमालयातील गारठ्याचे कारण सांगून चार्जिंग घेईना. दोन दिवसांच्या चिंतनानंतर भाऊंनी कापलेल्या दोन टोकांमध्ये दहा हजार ओहमचा एक साधा, रुपयाहून कमी किमतीचा रोधक जोडला. त्या क्षणापासून पट्टीच्या दृष्टीने बॅटरीचे तापमान पंचवीस अंशांवर स्थिर झाले आणि ऋतुचक्राशी तिचा संबंध संपला. बाहेर बेचाळीस अंशांचे ऊन असो, स्कूटर लिंबाखाली उभी असो की पत्र्याखाली, आतले सेल पन्नाशी ओलांडून साठीकडे निघालेले असोत, पट्टीला मात्र कायम महाबळेश्वराची हवा लागते. जिल्ह्याचे हवामान बदलण्याचे अनेक सरकारी प्रयत्न झाले, परंतु इतक्या कमी खर्चात ते यशस्वी करणारे भाऊ हे एकमेव होत.

तापमान-नियंत्रणाचा सर्वोत्तम नमुना भाऊंना ज्या वस्तूत पाहायला मिळाला, ती वस्तू भारतात विकताच येत नाही, हा या विषयातील एक चमत्कारिक योग आहे. चीनमधील औषधनिर्माता होन लिक याने २००३ च्या सुमारास आजच्या स्वरूपातील इलेक्ट्रॉनिक सिगारेट तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही, तर निकोटिन मिसळलेला द्रव तारेच्या तापलेल्या वेटोळ्यावर वाफेत बदलतो आणि ती वाफ ओढली जाते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश काढून आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कायदा करून तिचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली, आणि विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुढील गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड ठरवला. तरीही पुण्यात शिकणाऱ्या एखाद्या चिरंजिवांच्या बॅगेतून ही वस्तू दिवाळीच्या सुटीत गावी येते, चार्ज होत नाही म्हणून मित्राच्या हस्ते भाऊंच्या काउंटरवर पोहोचते, आणि तो पेनड्राइव्ह असल्याचे भाऊंना सांगितले जाते. भाऊ मान डोलावतात. पेनड्राइव्हला आंब्याचा वास कामून येतो, असे ते विचारत नाहीत, कारण चिरंजिवांचे वडील चौथ्या गाळ्यातील कृषी सेवा केंद्रात बसतात आणि भाऊंची उधारी तेथे चालते.

वस्तू उघडल्यावर भाऊ मात्र काही काळ अबोल होतात. या यंत्रांच्या महागड्या प्रकारांत वेटोळे निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेचे असते आणि धातूच्या एका साध्या गुणावर सगळी व्यवस्था चालते: धातू तापला की त्याचा रोध ठरावीक प्रमाणात वाढतो. निकेलचा रोध दर अंशाला सुमारे ०.६ टक्क्याने वाढतो, म्हणजे वीस अंशांवरील तार दोनशेवीस अंशांवर गेली की तो दुपटीहून अधिक होतो. यंत्रातील चिप थंड तारेचा रोध आधी मोजून ठेवते, पुढे सेकंदात अनेकदा तो तपासते, आणि ठरवलेल्या तापमानाइतका रोध झाला की वीज आवरते. येथे निराळा तापमापक नसून तापणारी तारच स्वतःचा ताप सांगते. द्रव संपून आतला कापूस कोरडा पडला तर तार एकदम तापते, द्रवातले उरलेले ग्लिसरीन करपून त्यातून ॲक्रोलीन आणि फॉर्मल्डिहाइड ही विषारी द्रव्ये निघतात, म्हणून त्या क्षणी थांबणे महत्त्वाचे असते. निक्रोमच्या तारेचा रोध उष्णतेने फारसा बदलत नाही, म्हणून तिच्यावर ही युक्ती चालत नाही. आणि तार एका धातूची असून चिपला दुसऱ्या धातूचे नाव सांगितले, तर तिचे सगळे गणित चुकते. वाफेचे तापमान बेताचे ठेवल्याने निकोटिन निरुपद्रवी होत नाही, ही गोष्ट मात्र कोणत्याही चिपच्या कक्षेबाहेरची आहे.

ज्या यंत्रांत ही चिप नसते आणि बटण दाबले की सेलची वीज थेट तारेत जाते, ती अधिक धोक्याची मानली जातात. अमेरिकेत २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासात असे उपकरण फुटून एकेका माणसाचा जीव गेला. भाऊंनी या घटना वाचलेल्या नसल्या तरी चिपविषयी त्यांचे मत आदराचे झाले. एवढ्याशा कांडीत एवढी शिस्त असावी आणि सोळा लिटरच्या फवाऱ्यात काहीच नसावे, याबद्दल त्यांनी बाकासमोर खेद व्यक्त केला, आणि खेद व्यक्त करता करताच उजव्या हाताने एका स्कूटरच्या बॅटरीला दहा हजार ओहमचा रोधक जोडला. कांडी ‘सेल गेला’ असे सांगून रिकामी परत पाठवण्यात आली. सेल गेला हे खरेच होते. तो पुढे कांदाचाळीतील एका दिव्यात गेला.

शिसे-आम्लाच्या जुन्या बॅटरीशी भाऊंचे वागणे याच्या अगदी उलट असते. इन्व्हर्टरची ही बॅटरी जास्त भरली गेली की तिच्यातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन वायू बाहेर पडतो, हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांच्या पुढे गेले की ठिणगी पुरते, आणि वीज गेल्यावर पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी ओढणारी माणसे प्रत्येक गावात असतात. अशा एका पाहणीत भाऊंच्या भुवया एकदा गेल्या होत्या, आणि म्हणून या विषयात ते कमालीचे शिस्तप्रिय आहेत. बॅटरी झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, डिस्टिल्ड वॉटरच घालावे, ॲसिड वाढवू नये, हे ते न विचारता सांगतात. ‘फिल्टरचं पाणी आपण पितो, मंग बॅटरीला काय होतंय?’ या युक्तिवादापुढे क्षाराचे शास्त्र टिकत नाही, तेव्हा भाऊ केवळ भुवयांकडे बोट दाखवतात. लिथियमने अद्याप भाऊंना असे प्रत्यक्ष शिक्षण दिलेले नाही, एवढाच दोन्ही वर्तनांतील फरकाचा खुलासा आहे.

दुकानातील सुरक्षा-व्यवस्था पाहिली म्हणजे हा अनुभवनिष्ठ दृष्टिकोन अधिक स्पष्ट होतो. दाराला लिंबू-मिरची असते, कोपऱ्यात वाळूची बादली असते आणि तिच्यात उदबत्त्यांची थोटके रोवलेली असतात. वाळूने लिथियमच्या बॅटरीची ज्वाळा दबली तरी आतली उष्णता जात नाही, कारण सेलमधील रसायनच तापल्यावर प्राणवायू सोडते; अशा आगीला सतत भरपूर पाणी घालून थंड करणे उपयोगी पडते, ही गोष्ट भाऊंना सांगितली तर ते पाण्याची टंचाई या मुद्द्याकडे वळतात, आणि जालना शहरात तरी त्यांचा मुद्दा खोडणे अवघड जाते. फुगलेल्या बॅटऱ्या काउंटरखालच्या बिस्किटांच्या डब्यात जमा होतात. फुगलेल्या बॅटरीच्या आत वायू साठलेला असतो, तिला टोचणे किंवा दाबणे धोक्याचे असते, हे भाऊ जाणतात आणि म्हणून डब्यावर पाय ठेवून बसत नाहीत. बाकावरचे सल्लागार बसतात. केंद्राच्या २०२२ च्या बॅटरी-कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तो डबा उत्पादकाची वाट पाहत आहे. खंडेनवमीला मीटर, सोल्डरिंग गन आणि तापमापक बंदूक यांना हळदकुंकू वाहिले जाते, आणि त्या दिवशी कोणत्याही बॅटरीचे नियंत्रण काढले जात नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी इ-स्कूटर पेटल्याच्या बातम्या आल्या तेव्हा भाऊंची प्रतिष्ठा शिगेला पोहोचली, कारण बातम्यांचा अर्थ सांगू शकणारे तालुक्यात तेच होते. पुढे केंद्राने अशा वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले आणि त्यात तापमानावर नजर ठेवणे, पेटण्यापूर्वी चालकाला इशारा देणे अशा अटी आल्या. २५० वॉटपर्यंतच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या स्कूटरला मात्र नोंदणी आणि परवाना लागत नाही, आणि भाऊंचा मुख्य व्यवसाय याच वर्गाला पंचवीसच्या पुढे नेण्याचा असल्यामुळे मानक आणि भाऊ यांची गाठ पडण्याचे प्रसंग कमी येतात. नव्या बॅटरीचे इशारा देणारे भोंगे काढून घेण्यासाठी लोक येऊ लागले, ही त्यांच्या दृष्टीने मानकाची प्रत्यक्ष फलश्रुती होय.

एवढे सगळे लिहिल्यावर भाऊंना भोंदू ठरवणे सोपे आहे. परंतु ते न्यायाला धरून होणार नाही. त्यांचा टाका कंपनीच्या टाक्यापेक्षा चांगला असतो, त्यांचा दर परवडणारा असतो, आणि दुरुस्त न होणारी वस्तू ते दुरुस्त होणार नाही असेच सांगतात. त्यांनी चालू केलेल्या फवाऱ्यांवर या जिल्ह्यातील कितीतरी एकर कपाशी वाचते. शिवाय नकार देण्याची शक्ती त्यांच्यात मुळीच नाही असेही नाही. झटका मशीन कुंपणात उच्च दाबाचा, क्षणमात्र टिकणारा ठोका सेकंदाला सुमारे एकदा सोडते; त्याने जनावर बिचकते, मरत नाही. मशीन बिघडले की तारेला थेट घरची २३० व्होल्टची वीज जोडून द्या, असे सांगणारा शेतकरी दर हंगामात एखादा तरी येतो. हे कृत्य बेकायदेशीर आहे आणि अशा तारांना चिकटून माणसेही मेली आहेत. त्या वेळी मात्र भाऊ हातातले काम खाली ठेवतात, ‘तेवढं सांगू नका, दाजी’ असे म्हणतात आणि कितीही पैसे पुढे केले तरी तारेला हात लावत नाहीत. दाजी रागावून जातात. भाऊ बाकाकडे पाहतही नाहीत आणि बाकावरचेही त्या दिवशी सल्ला देत नाहीत.

तेव्हा बॅटरीतील पट्टी टिकवायची असेल तर भाऊंना उपदेश करून भागणार नाही, कारण ती पट्टी भाऊंना कधीच नकोशी नव्हती. ती गिऱ्हाइकाला नकोशी आहे. फवारा, स्कूटर किंवा इन्व्हर्टर घेऊन जाणाऱ्याने काउंटरवर वस्तू ठेवतानाच ‘भाऊ, पट्टी राहू द्या, बंद पडली तर पडू द्या’ एवढे म्हणावे. भाऊ ऐकतील, झटका मशीनचा अपवाद सोडला तर गिऱ्हाइकाचा शब्द त्यांनी आजवर मोडलेला नाही.